एकट्या माणसाचं धर्मस्वातंत्र्य



वाशिष्ठीच्या काठावरच्या चिपळूण नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनःपूर्वक स्वागत करतो. धर्मनिरपेक्षतेवरची ही परिषद इथे भरावी, याला कारण आहे. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई आमच्या शेजारच्या मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. मोर्चात मुस्लिम महिला होत्या अवघ्या सात. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी. त्या सात जणींमागे ना मतांचा गठ्ठा होता, ना कुठल्या धर्मपीठाचा आधार. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवला तो २०१७ साली. मध्ये एक्कावन्न वर्षं गेली, दलवाई तर १९७७ मध्येच गेले.

धर्मस्वातंत्र्य म्हटलं की आपल्यापुढे अशा एकट्या व्यक्ती नव्हे, समाज उभे राहतात. हिंदूंचं काय, मुसलमानांचं काय, ख्रिस्त्यांचं काय? राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने मात्र सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलं आहे ते सर्व व्यक्तींना. सरकारपासून ते जपायचंच, पण आपल्याच जातभाईंपासूनही जपायचं. आमच्या कोकणात गावकीने वाळीत टाकलेल्या घराला हे वेगळं सांगावं लागत नाही. दुकानदार मीठ देत नाही, लग्नाचं बोलावणं येत नाही, मयताला खांदा द्यायला कोणी फिरकत नाही. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर १९६२ साली तो रद्द झाला. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा व्हायला २०१६ साल उजाडलं. तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची त्यात तरतूद आहे, तरी गावात राहून गावाविरुद्ध तक्रार नोंदवायला कोण धजावणार?

एकट्याला समाजाच्या हवाली करण्यात सरकारी नियमही मागे नाही. विवाह नोंदणी कार्यालयातला सूचना फलक आपण कधी वाचला आहे का? १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करू पाहणाऱ्या मुला-मुलीची नावं, वय, पत्ते असा सगळा तपशील त्यावर तीस दिवस लागतो. जाणारा-येणारा कोणीही वाचतो आणि घरी कळवतो. ज्या भिन्नधर्मीय जोडप्यांनी धर्म न बदलता, कायद्याच्या आधाराने संसार मांडायचं ठरवलं, त्यांनाच आपण चव्हाट्यावर उभं करतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

  यजमान म्हणून माझं एकच मागणं आहे: परिषदेच्या ठरावांत ही तीस दिवसांची जाहीर नोटीस रद्द करण्याची मागणी आपण घ्यावी आणि तिचा पाठपुरावा आपापल्या जिल्ह्यात करावा.