मावा संपल्यावर काय?



मित्रकीटक निवडताना तो कीड किती खातो, हे आपण बारकाईने मोजतो. कीड संपल्यावर तो काय खाईल, हेही तितक्याच कसोशीने पाहिले पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. हार्लेक्विन ढालकिड्याचा, म्हणजे हार्मोनिया अ‍ॅक्सिरिडिसचा, इतिहास मी त्यासाठीच आपल्यापुढे ठेवतो. तो मूळचा पूर्व आशियातला: चीन, जपान, कोरिया, सायबेरिया. मावा फस्त करण्यात त्याचा हात धरणारे थोडेच, म्हणून अमेरिकेत १९१६ पासून तो वेळोवेळी सोडला गेला. मात्र त्याची वस्ती रुजल्याचे दिसले ते १९८८ मध्ये, लुइझियानात. युरोपातही तो मावा मारण्यासाठी विकला जाऊ लागला आणि २००१ मध्ये बेल्जियममध्ये बाहेर मोकळा आढळला. ब्रिटनमध्ये तर तो कोणी मुद्दाम सोडलाच नव्हता, तरी २००४ मध्ये एसेक्समध्ये सापडला. एका देशाने दिलेली परवानगी शेजाऱ्यालाही भोवते, ती अशी.

पुढे काय झाले, याची नोंद बेल्जियम आणि ब्रिटन या दोन्ही देशांतल्या हौशी निरीक्षकांमुळे टिकली, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. हेलन रॉय आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. हार्लेक्विन आल्यानंतरच्या पाच वर्षांत दोन ठिपक्यांच्या ढालकिड्याचा आढळ बेल्जियममध्ये ३० टक्क्यांनी आणि ब्रिटनमध्ये ४४ टक्क्यांनी घटला. कारण पाहायचे तर लिंडनच्या पानामागे वाकून पाहावे. माव्याच्या एकाच वसाहतीवर दोघांच्या अळ्या चरत असतात. हार्लेक्विनची अळी मोठी, काळी, बाजूंना नारिंगी पट्टे आणि पाठीवर फाटे फुटलेले काटे; शेजारची दोन ठिपक्यांची अळी तिच्यापुढे लहान आणि बिनकाट्याची. मावा विरळ झाला की मोठी अळी लहान अळीला धरते, तिची अंडीही खाते. हे केवळ प्रयोगशाळेतल्या काचपात्रात घडते असे नाही: बेल्जियममध्ये झाडांवरून गोळा केलेल्या हार्लेक्विनच्या अळ्यांच्या शरीरात स्थानिक ढालकिड्यांची अल्कलॉइड सापडली आहेत. खाल्ल्याशिवाय ती तिथे येणार नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा, की अधिवास बिघडला, हवामान बदलले, दोष एकट्या हार्लेक्विनवर का? ती कारणे खरी आहेत आणि काही जातींची घट आधीपासून असेलही. पण घटीचा नमुना पाहा. दोन ठिपक्यांचा ढालकिडा हार्लेक्विनसारखाच झाडांवर राहतो, त्याच माव्यावर जगतो, आणि त्यालाच जबर फटका बसला. सात ठिपक्यांचा आकाराने मोठा, बराचसा खुरट्या झाडोऱ्यात वावरणारा. तो ब्रिटनमध्ये टिकून राहिला. नुसते हवामानच कारण असते, तर फटका इतका अचूक हार्लेक्विनच्या शेजाऱ्यांनाच बसला नसता. दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी: मावा कमी झाला, मग खाणारा कोण याला महत्त्व काय? महत्त्व आहे. वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या झाडांवर, वेगवेगळ्या वेळी मावा खातात. सगळा भार एकाच जातीवर टाकला आणि उद्या तिला रोगाने गाठले, तर जागा भरायला कोणी उरणार नाही. शिवाय हा किडा द्राक्षांच्या घडात शिरून त्यांच्याबरोबर चिरडला गेला की वाइनची चव बिघडते, हा अमेरिकेतल्या बागायतदारांचा अनुभव आहे.

म्हणून जैविक नियंत्रण सोडून फवारणीकडे वळा, असे मी मुळीच म्हणत नाही. १८८८–८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून नेलेल्या रोडोलिया ढालकिड्याने कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या बागा वाचवल्या. त्याचा आहार जवळजवळ एकाच गटातल्या खवले किडींपुरता होता, आणि तेच त्याच्या यशाचे आणि सुरक्षिततेचे कारण. आपल्याकडे १८९८ मध्ये आणलेला क्रिप्टोलेमस आजही द्राक्षबागेत पिठ्या ढेकणावर सोडला जातो. त्याची पारख हार्लेक्विनवरून करू नये. पण कोणताही नवा परभक्षी आणायचा झाला, तर आधी तिथल्या स्थानिक ढालकिड्यांची निदान दोन-तीन हंगामांची गणती हवी, आणि स्थानिक जातींच्या अंड्यांसह, किडीविना, त्याला ठेवून पाहिलेले असावे. या दोन गोष्टी प्रस्तावाच्या अर्जातच सक्तीच्या कराव्यात, असा ठराव कीटकशास्त्रज्ञांच्या याच अधिवेशनात मांडावा, ही माझी सूचना आहे.