पेढा खिशात का टाकला?
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



गतवर्षी याच मंडपात मिळालेला पेढा आम्ही हळूच खिशात टाकला, तो एका वडीलधाऱ्या बाईंच्या दृष्टीस पडला. "मास्तर, ज्ञातीचा पेढा गोड लागत नाही वाटते?" असे त्यांनी विचारले. उत्तर देण्याचा धीर तेव्हा झाला नाही. ते आज देत आहोत. आमची मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत आणि ही गोष्ट आम्ही दोन वर्षे सर्वांपासून लपविली.

त्या लपवाछपवीचे फळही भोगले. एका लग्नात यजमानांचे मन मोडू नये म्हणून गुळाच्या नारळवड्या, नातवाने दिलेले काळे चॉकलेट आणि वर शहाळ्याचे पाणी, असे सारे घेतले. रात्री पायांतील शक्तीच गेली. रक्तातील पोटॅशियम ६.८ निघाले, ते साधारणतः ५ च्या आतबाहेर असावयाचे. ते असे वाढले म्हणजे हृदय थांबण्याचेही भय असते.

आमची समजूत अशी होती की, वैर काय ते साखरेशी. वस्तुतः साखरेत पोटॅशियम नसल्यासारखेच. ते गुळात आहे, खोबऱ्यात आहे, सुक्या मेव्यात आहे. कोकोत तर विपुल आहे. १०० ग्रॅम दाट काळ्या चॉकलेटात सुमारे ७०० मिलिग्रॅम पोटॅशियम व ३०० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. दुधाच्या चॉकलेटात पोटॅशियम त्याच्या निम्म्याच्या आसपास. काळे ते आरोग्यदायी, ही हल्लीची समजूत आमच्यासारख्यांच्या कामाची नाही. खवा म्हणजे आटविलेले दूध; त्यात फॉस्फरसही आटून येतो. मूत्रपिंडे तो बाहेर टाकीनाशी झाली म्हणजे अंगाला कंड सुटते, हाडे ठिसूळ होतात.

प्रत्येकाचे पथ्य त्याच्या रक्ततपासणीवर ठरते. आमचे पथ्य कोणी उचलू नये. मधुमेह्यास साखरही जपूनच खावी लागते. मात्र अशा रुग्णाची साखर एकाएकी उतरली, तर संत्र्याचा रस न देता साखरेचे पाणी द्यावे, हे घरच्या मंडळींनी ध्यानात ठेवावे.

आम्हांस मधुमेह नाही. डॉक्टरांनी साखरेचा हलवा, बत्तासा, असे थोडेसे खाण्यास मोकळीक दिली आहे. कार्यकारी मंडळाने यंदा पेढ्यांच्या ताटाशेजारी बत्ताशांचे एक ताट ठेविले आहे. त्या बाई पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. आमचा बत्तासा त्यांनीच आमच्या हातावर ठेवावा, एवढी विनंती आहे.