इंग्रजी शब्दांचे माहेर

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बेंगळुरूतील सर्जापूर रोड परिसरात भरलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातील भाषण.)



मराठी शाळेचा हीरक महोत्सव आणि वक्त्याचा विषय मात्र इंग्रजी शब्दांचे सौंदर्य, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु सर्जापूर रोडवर राहणाऱ्या आपणां सर्वांचा दिवस कसा जातो, ते आपण जाणतोच. कचेरीत इंग्रजी, भाजीवाल्याशी मोडकीतोडकी कन्नड, रिक्षावाल्याशी हिंदी आणि घरी, मुले ऐकून घेतील तितकी मराठी. ज्या भाषेवर आपला चरितार्थ चालतो, तिच्याशी आपले नाते केवळ पगारापुरते असावे, हे मला बरे वाटत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाच्या मनात इंग्रजीविषयी एक धाक असतो. उच्चार चुकेल, कोणी हसेल, या भीतीने तो शब्दाकडे मान वर करून पाहतच नाही. आणि जिथे धाक असतो, तिथे कौतुक संभवत नाही. म्हणून आज तो धाक क्षणभर बाजूला ठेवून आपण काही इंग्रजी शब्दांच्या माहेरी जाऊन येऊ.

पहिला शब्द आपल्या अगदी जवळचा आहे. सापाशी झुंजणाऱ्या प्राण्याला इंग्रजीत 'मंगूस' म्हणतात. हा शब्द इंग्रजीने आपल्या मराठीतून, आपल्या 'मुंगसा'वरून घेतला. त्याच्या शेवटी 'गूस' असा ध्वनी येत असला, तरी हंसजातीच्या 'गूस' पक्ष्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. म्हणूनच 'गूस'चे अनेकवचन 'गीज' होते, पण 'मंगूस'चे 'मंगूसेस' असे सरळ अनेकवचन होते. आपल्या शेताच्या बांधावरचा हा शब्द सातासमुद्रापार गेला आणि तेथील व्याकरणालाही त्याने आपले वेगळेपण मानायला लावले.

दक्षिणेतल्या आपल्या भगिनीभाषांनीही इंग्रजीला असेच आहेर केले आहेत. 'कॅटमरान' ही नौका म्हणजे तमिळमधील 'कट्टुमरम्', बांधलेली लाकडे. आपण जिला घूस म्हणतो, ती इंग्रजीत 'बँडिकूट' झाली. तेलुगूत 'पंदिकोक्कु' म्हणजे डुकरासारखा उंदीर. जाड्याभरड्या कापडाच्या 'डंगरी'चे नाते मुंबईच्या डोंगरीशी सांगितले जाते. अशा शेकडो शब्दांचा संग्रह हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी 1886 साली 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात केला. या कोशाच्या नावाचीही गंमत पाहा. मोहरमच्या मिरवणुकीतील 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांनी जसा ऐकला, त्यातून 'हॉब्सन-जॉब्सन' तयार झाले. इंग्रज शिपायालाही परक्या भाषेचा उच्चार जमत नव्हता. त्याचा पुढे कोश झाला. आपल्या उच्चारांची लाज वाटू लागेल, तेव्हा ही गोष्ट आठवावी.

दुसरा शब्द पावसाचा. बेंगळुरूत एप्रिल-मे महिन्यांत वळवाची पहिली सर येते आणि तापलेल्या मातीतून सुगंध दरवळतो. त्या सुगंधासाठी 'पेट्रिकोर' हा शब्द इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी 1964 साली 'नेचर' या नियतकालिकातील निबंधात प्रथम योजिला. ग्रीक भाषेत 'पेट्रा' म्हणजे पाषाण आणि 'आयकोर' म्हणजे देवांच्या धमन्यांतून वाहणारे रक्त. पाषाणातून पाझरणारे देवांचे रक्त, असा या शब्दाचा अर्थ. कोरड्या दिवसांत वनस्पतींपासून आलेली तैलद्रव्ये माती आणि दगड शोषून घेतात आणि पहिल्या पावसाने ती मोकळी होतात, हे त्या संशोधनाचे सार. शब्द सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु विंदा करंदीकरांचा 'मृद्गंध' हा काव्यसंग्रह 1954 साली प्रसिद्ध झाला होता. इंग्रजीला ज्या सुगंधासाठी 1964 साली नाव मिळाले, त्याचे नाव मराठी वाचकाच्या ओठांवर दहा वर्षे आधीपासून होते. कनौजचे अत्तरवाले तर तो सुगंध पिढ्यान्‌पिढ्या कुपीत भरून विकत आले आहेत.

याचा अर्थ आपल्याकडे सारेच होते, असे म्हणून छाती फुगवावी, असा मात्र नाही. तिसरा शब्द त्याची साक्ष देईल. 'सेरेंडिपिटी' हा शब्द होरेस वॉल्पोल या इंग्रज लेखकाने 28 जानेवारी 1754 रोजी लिहिलेल्या एका पत्रात घडवला. सेरेंदीपच्या तीन राजपुत्रांची एक जुनी कथा त्याच्या मनात होती. सेरेंदीप म्हणजे श्रीलंका. आपल्या 'सिंहलद्वीपा'चेच अरबांच्या मुखातून बदललेले रूप. हे राजपुत्र जे शोधत नव्हते, ते त्यांना वाटेत सापडत गेले. आपल्याकडे योगायोगासाठी शब्दांची वाण नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तो 'काकतालीय न्याय'. लाकूड पोखरता पोखरता किड्याकडून नकळत अक्षर कोरले जावे, तो 'घुणाक्षरन्याय'. पण कावळ्याला फांदीचे भान नसते आणि किड्याला अक्षर वाचता येत नाही. वॉल्पोलच्या शब्दात योगायोगाबरोबर चाणाक्षपणाही अभिप्रेत आहे. अवचित समोर आलेल्या गोष्टीचे मोल ज्याला ओळखता येते, त्याच्याच वाट्याला 'सेरेंडिपिटी' येते. ही अर्थच्छटा इंग्रजीची कमाई आहे आणि ती आपण आदराने स्वीकारावी. शिवाय ती नीट उमगली, ती आपले दोन न्याय तिच्याशेजारी ठेवून पाहिल्यामुळेच.

चौथ्या शब्दासाठी आपल्या रस्त्याकाठच्या कैकोंड्रहळ्ळी तलावावर चला. अशा तलावाकाठी तारेवर निळ्या पंखांचा आणि पांढऱ्या गळ्याचा खंड्या ध्यान लावून बसलेला असतो. त्याचे शास्त्रीय नाव 'हॅल्सियन स्मिर्नेन्सिस'. सुखशांतीच्या दिवसांना इंग्रजीत 'हॅल्सियन' दिवस म्हणतात, तो हाच शब्द. ग्रीक पुराणकथेत आल्सिओनी नावाच्या स्त्रीचा पती समुद्रात बुडाला. तिच्या शोकाने द्रवलेल्या देवांनी दोघांनाही खंड्या पक्षी केले. हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाच्या आगेमागे ती अंडी उबवते, तेव्हा तिचा पिता, वायूंचा स्वामी, सात-सात दिवस सारे वारे आवरून धरतो, अशी श्रद्धा होती. शब्दकोशात 'शांत, सुखद' एवढाच अर्थ वाचणाऱ्याला त्या शांततेमागचे वादळ दिसत नाही.

पाचवा शब्द आपणां स्थलांतरितांचा. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्यकाने 1688 साली बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घडवला. ग्रीक 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणे आणि 'अल्गोस' म्हणजे वेदना. घरापासून दूर गेलेली माणसे घराच्या ध्यासाने झुरत. तो ध्यास त्याने रोग मानला आणि त्याला हे नाव दिले. आज मराठीत यासाठी 'स्मरणरंजन' हा शब्द रूढ आहे. पण त्यात रंजन आहे, वेदना नाही. त्यापेक्षा आपली 'हुरहूर' अधिक जवळची. संध्याकाळी अठराव्या मजल्याच्या सज्जात उभे असताना जे दाटून येते, ती हुरहूर. आपल्या आजीला होफर ठाऊक नव्हता, पण सासुरवाशिणीच्या ओव्या म्हणताना ती त्याच वेदनेविषयी गात होती.

मित्रहो, या साऱ्यातून मला सांगायचे आहे ते एवढेच. परक्या शब्दाचा अर्थ आपल्याला जाणवतो, तो आपल्या भाषेत त्याच्याजवळ बसायला कोणी असेल तेव्हा. मृद्गंध ठाऊक असलेल्याला 'पेट्रिकोर' आप्तासारखा भेटतो. ज्याला दोन्ही ठाऊक नाहीत, त्याला ती केवळ वर्णाक्षरांची एक रांग. जेम्स मोल्सवर्थ यांनी आपला मराठी-इंग्रजी कोश 1831 साली सिद्ध केला आणि 1857 साली त्याची वाढवलेली आवृत्ती काढली, ती मराठी शास्त्रीपंडितांच्या साहाय्याने. आपण राहतो त्या प्रांताच्या भाषेसाठी फर्डिनांड किटेल या जर्मन मिशनऱ्याने 1894 साली कन्नड-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. बेंगळुरूने त्याचा पुतळा उभारला आहे. परभाषकांनी आपल्या शब्दांसाठी आयुष्ये वेचली, आणि आपल्या घरातील मुलांना मात्र त्याच शब्दांचा परिचय उरू नये, हा विचार मन अस्वस्थ करतो.

कारण प्रश्न आता आपल्या दारात आहे. आपली मुले इंग्रजी सफाईने बोलतात, याचा आनंदच आहे. पण सुट्टीत गावी गेल्यावर आजी 'उष्टे', 'माहेर', 'लगबग', 'पाणंद' असे शब्द उच्चारते आणि नातवंडे आईच्या तोंडाकडे पाहतात. आजी आणि नातू यांच्यामध्ये दुभाषा बसवावा लागणे, यासारखी दुसरी दैन्यावस्था नाही. तिकडे अनेक मराठी शाळांची पटसंख्या घटते आहे, आणि 'आमच्या मुलांचे इंग्रजीचे काय?' हा पालकांचा प्रश्नही खोटा नाही. त्याला रागावून उत्तर देता येणार नाही. उत्तम इंग्रजी शिकवूनच द्यावे लागेल.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. गुरुजनांनी शाळेत एक 'शब्दवही' सुरू करावी. विद्यार्थ्याने दर आठवड्याला एक इंग्रजी शब्द त्याच्या मूळ कथेसह लिहावा आणि त्याच्यासमोर घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आणलेला मराठी सोयरा शब्द मांडावा. सोयरा न सापडल्यास ती जागा मोकळी ठेवावी. पुढे कोणीतरी ती भरील. आणि येथे जमलेल्या आपण सर्वांनी या वहीचे दुसरे पान सर्जापूर रोडवर उघडावे. आपल्या मुलांनी आजीकडून एक शब्द घ्यावा, त्याचा इंग्रजी अर्थ शोधावा आणि तो शाळेतील मुलांना कळवावा. कन्नड शब्द मिळाला तर सोन्याहून पिवळे. वह्यांच्या छपाईचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा, असे मी सुचवतो.

'कम्पॅनियन' या शब्दाचा लॅटिन मूलार्थ 'एकत्र भाकरी खाणारा' असा आहे. मधल्या सुट्टीत एकमेकांच्या डब्यातील भाकरी खाल्लेल्या आपणांस त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ते सोबतीपण शाळेच्या शताब्दीपर्यंत टिकावे, ही प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.