शिंदळ माकुडी ओळखा, जपा

आज पिकाविषयी नव्हे, तर आपल्या डोंगरातल्या एका रानवनस्पतीविषयी बोलायचं आहे. तिचं नाव शिंदळ माकुडी, म्हणजेच शिवसुमन. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्यावरून ते दिलं गेलं. ही वनस्पती फक्त आपल्या सह्याद्रीत सापडते. जुन्नरजवळ शिवनेरी, तसंच पुरंदर आणि सज्जनगड अशा मोजक्याच ठिकाणी ती नोंदली गेली आहे.

ती ओळखायची कशी? उभ्या कड्याच्या कपारीत, मूठभर मातीत ती वाढते. खोड बोटाएवढं जाड, गोल, मांसल; सरळ उभं न राहता ते खडकावर पसरतं किंवा खाली लोंबतं. पावसाळ्यात समोरासमोर जाडसर पानं येतात. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास चांदणीसारखी पाच पाकळ्यांची, गडद लालजांभळी, पिवळे ठिपके असलेली फुलं लागतात. शेंगा जोडीने येतात. ही रुईच्याच कुळातली, त्यामुळे बी रुईसारखंच रेशमी केसांवर वाऱ्याने उडतं.

उन्हाळ्यात पानं गळतात आणि नुसती करडी-हिरवी खोडं उरतात. फसगत होते ती तेव्हाच. निवडुंग समजून कोणी उपटून टाकतं, माकडशिंग समजून कोणी भाजीला तोडतं. म्हणून दोन खुणा ध्यानात ठेवा. काटेरी निवडुंगाला काटे असतात, हिला एकही नाही. माकडशिंगाच्या कांड्या चौकोनी आणि उभ्या असतात, हिच्या गोल आणि लोळणाऱ्या. चीक पाहायला मात्र खोड मोडू नका. निवडुंगाचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, आणि शिंदळ माकुडी निघाली तर एक दुर्मिळ रोप हकनाक जातं.

गुरांची चराई, वणवा आणि दरडी यांमुळे हिची जागा आक्रसत चालली आहे. दरड आपल्या हातात नाही, पण वणवा आहे. चांगलं गवत येईल म्हणून डोंगर पेटवू नका. शेळ्या कड्याच्या माथ्यावर सोडू नका. रोप दिसलं तर ते तिथेच राहू द्या, आणि जागा वनरक्षकाला दाखवा. गुराख्याची नजर कड्याकपारीत रोज फिरते, तेव्हा घरच्या पोरांनाही या खुणा सांगून ठेवा.