हात हलतो, पण कळत नाही



मला संगणक क्षेत्रातल्या संधींवर बोलायला सांगितलं होतं. त्यावर तुमची मुलंच माझ्यापेक्षा जास्त सांगतील. मी माझ्या डाव्या हाताविषयी बोलते.

दोन वर्षांपूर्वी मला पक्षाघात झाला; आपल्याकडे लकवा म्हणतात तो. तीन महिन्यांत हात उचलू लागले, चालू लागले. सगळे म्हणाले, बरी झालीस! पण डावा हात आणि पाऊल बधिरच. कीबोर्डवर बोट टेकलं की नाही, ते पडद्यावर अक्षर उमटल्यावर कळायचं. चप्पल निसटली तरी मी तशीच पुढे.

आमच्या भाषेत सांगायचं तर सेन्सर चांगला, वायर चांगली, पण संदेश वाचणारी मेंदूतली जागा बिघडलेली. म्हणून हाताला तेल चोळून ती दुरुस्त होत नाही. (मावशीनं तरी तीन बाटल्या संपवल्या. तिची माया!) मेंदूला पुन्हा शिकवावं लागतं. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं, डोळे मिटून धान्य ओळखा. आधी चांगल्या हातानं, मग बधिर हातानं. तांदूळ दीड महिन्यानं ओळखला. नागली की वरई, ते अजून चुकतं.

तुमच्या घरात असा माणूस असेल, तर त्याच्या आंघोळीचं पाणी चांगल्या हातानं तपासा. चुलीजवळ एकटं सोडू नका. अनवाणी आवणीला पाठवू नका. रोज रात्री तळपाय बघा, काटा रुतला तरी त्याला कळणार नाही. काहींना पुढे त्याच बधिर जागी आग आग होते. ते ढोंग नसतं, त्यावर औषधं आहेत. दोन्ही पावलं सारखीच बधिर होत गेली असतील, तर मात्र साखर आणि बी-१२ तपासून घ्या. ते दुखणं बहुधा वेगळं असतं.

आणि अचानक एकाच बाजूचा हात-पाय बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून. आपल्या पाड्यावरून त्र्यंबकमार्गे नाशिक गाठण्यातच त्यातला किती वेळ जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. भगताला नंतरही भेटता येईल.

चहा आलेला दिसतोय. माझा कप तेवढा उजव्या हातात द्या.