मासोळीचा पांढरा रस्सा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. शिक्षण सातवीपर्यंत, आणि पुढची पंचवीस वर्षे चुलीपुढे व गॅसपुढे गेलेली. तेव्हा विद्वत्तेचे काही माझ्याकडून ऐकायला मिळेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. चिटणीसबाईंनी सांगितले की, "तुम्ही तो मासोळीचा पांढरा रस्सा करता ना, तोच सांगा." म्हणून उभी राहिले. आपल्यात काही भगिनी माळकरी आहेत. त्यांनी मला क्षमा करावी. त्यांच्यासाठीही शेवटी एक प्रकार सांगणार आहे.

हा पदार्थ मुळात आपला नाही. माझी भाची लग्न होऊन अमेरिकेत गेली, ती बोस्टन शहराच्या बाजूला राहते. तिकडे थंडीच्या दिवसांत चाउडर नावाचे दाट सार करतात. त्यात मासे, आलू, कांदा आणि दूध. बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात १७५१ साली चाउडरची कृती छापून आली होती, पण तेव्हा त्यात दूध नव्हते, आलूही नव्हते. कांदा, खारवलेले डुकराचे मांस, मासे आणि गलबतावरची कडक बिस्किटे यांचे थरावर थर रचून ते शिजवीत. दूध व आलू मागाहून आले. भाची ज्या माशाचे करते त्याला सॅमन म्हणतात. हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. माहेर न विसरणारा मासा, असे मी म्हणते. आपल्या देशाच्या पाण्यात तो होत नाही. मुंबईकडे रावसाला हिंदुस्थानचा सॅमन म्हणतात खरे, पण ती जात निराळी.

आता तेल्हाऱ्यात सॅमन कोठला आणि रावस तरी कोठला! आपल्याकडे धरणा-तलावातले रोहू, कटला, मिरगल आणि नशीब असले तर जिवंत मरळ. बाजारात भोयांच्या बाया बसतात, त्यांच्याकडून घ्यायचे. आपल्या वऱ्हाडाची रीत म्हणजे खोबरे, कांदा भाजून वाटलेला लाल तर्रीचा रस्सा. पांढरा रस्सा म्हटला की आपण नाक मुरडतो. पण कोल्हापूरकडे मटणाचा पांढरा रस्सा नारळाच्या दुधात करतातच. पारशी लोकांत 'सास नी मच्छी' म्हणून तांदळाच्या पिठाने दाट केलेला पांढऱ्या रश्श्यातला मासा लग्नाकार्यात असतो. बंगाली लोक दह्यात मासा शिजवितात. तेव्हा पांढऱ्या रंगाला भिण्याचे कारण नाही. भिण्याचे कारण दुसरेच होते, ते आता सांगते.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझ्या आत्याबाईंना ताप आला. ताप गेला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. दात अगोदरच पडलेले. भाकर कुस्करून द्यावी तर दोन घास, वरण द्यावे तर चार चमचे. "कायले वाढतं व, मले नाही जात," एवढेच म्हणायच्या. अंगावरचे लुगडे सैल झाले. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टरांनी सांगितले, अंडी द्या, मासे द्या, दूध द्या, नाहीतर म्हातारी उठणार नाही. अंड्याला त्या शिवत नाहीत. मासोळी मात्र त्यांच्या फार आवडीची, कारण माहेर पूर्णेच्या काठचे. पण काही वर्षांपूर्वी रोहूचा काटा घशात अडकला, तेव्हापासून तीही सोडलेली.

त्याच दिवसांत भाचीचा फोन आला. तिने ही चाउडरची रीत सांगितली. चावायचे काम नाही, काटा नाही, तिखट नाही, आणि पोटात मासा, दूध, आलू सगळे जाते. मला वाटले, देवानेच सुचविले. पण भगिनींनो, मासे आणि दूध! आपल्या घरात मासोळी ज्या दिवशी शिजते त्या दिवशी दुधाचे भांडेसुद्धा दूर ठेवतात. लेकराने मासोळी खाऊन दूध मागितले तर पाठीत धपाटा बसतो. अंगावर कोड उठते म्हणतात.

ही समजूत काही अडाणीपणातून निघालेली नाही. चरकसंहितेत मासे आणि दूध एकत्र खाऊ नयेत असे सांगितले आहे. त्याला विरुद्ध आहार म्हणतात. मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, कोड हा शरीराच्या आतल्या बिघाडाने होतो. शरीराची रक्षण करणारी शक्तीच कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते. मासे-दूध खाण्याशी त्याचा संबंध आढळलेला नाही, आणि कोड कोणाला शिवूनही लागत नाही. ज्याला मासा किंवा दूध मुळातच सोसत नाही त्याने मात्र ते टाळावे.

माझी समजूत पटली. आत्याबाईंची पटणार नव्हती. मग मी काय केले? दूध घातले आणि "नारळाचं आहे" असे सांगून वाटी पुढे केली.

पहिल्या दिवशी अर्धी वाटी गेली. दुसऱ्या दिवशी पूर्ण. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "कालचं ते पांढरं आहे काय व?" माझ्या डोळ्यांत पाणी आले. मासोळी मिळेल तसा आठ-दहा दिवसांत पाच-सहा वेळा मी तो रस्सा केला. म्हातारी भिंतीला धरून ओसरीपर्यंत येऊ लागली.

आणि एके सकाळी त्यांच्या हातावर फिकट चट्टे दिसले.

भगिनींनो, डॉक्टरांनी सांगितलेले सगळे मला पाठ होते. तरीसुद्धा ती रात्र मी डोळ्याला डोळा न लावता काढली. माझ्या आजीचे, आईचे बोलणे कानात घुमत होते. कोणाला सांगावे तर खोटे उघडे पडते, न सांगावे तर जीव राहत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पाहिले आणि म्हणाले, पावसाळ्यातला साधा नायटा आहे, मलम लावा. मलमाने तो गेलाही. पण त्या रात्रीने मला एक शिकविले. मासे-दुधाने कोड उठत नाही हे खरे असेल, पण माणसाला फसवून खाऊ घातले तर तो घास खाऊ घालणाऱ्याच्याच घशात काट्यासारखा अडकतो.

मी त्यांना सगळे सांगितले. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आधी सांगतलं असतं त मी खाल्लं नसतं, हे खरं हाय. पण तरी सांगाचं होतं न वं. तोंड माह्यं हाय." त्यावर मी काय उत्तर देणार? थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "नारळाचं म्हनत होती न? मंग नारळाचंच कर." तेव्हापासून त्यांच्यासाठी नारळाच्या दुधात आणि आमच्यासाठी गाईच्या दुधात, असे दोन गंज होतात. आणि काटे काढायला त्याच बसतात.

आता कृती सांगते. पाच-सहा माणसांसाठी पाऊण किलो मासा डोक्यासकट घ्यावा. कल्ले लाल, डोळे स्वच्छ व फुगीर, आणि बोट दाबले तर मांस परत वर येणारे, अशी मासोळी ताजी समजावी. मरळ मिळाली तर उत्तम, कारण तिच्यात बारीक काटे कमी, आणि ती पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहते, म्हणून ताजी मिळते. रोहूला दुफाट्याचे बारीक काटे फार, पण त्यालाही उपाय आहे.

डोक्यातले कल्ले काढून टाकावे, नाहीतर रस्सा कडवट होतो. डोके आणि मधला काटा पाच वाट्या पाण्यात घालून, त्यात एक कांदा, चार लसूण पाकळ्या, सात-आठ मिरे आणि एक तेजपान टाकून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे ठेवावे. मटणासारखे तासभर उकळू नये, त्याने वास येतो. मग फडक्यातून गाळून घ्यावे. इथे एक सांगते. आपला मुलूख खारपाणपट्ट्याचा. विहिरीच्या, बोअरच्या पाण्यात वरणसुद्धा धड शिजत नाही. तेव्हा यासाठी नळाचे गोडे पाणीच घ्यावे, आणि मीठ अगदी शेवटी चाखून घालावे.

रोहू असेल तर त्याचे मोठे तुकडे त्या गाळलेल्या पाण्यात सात-आठ मिनिटे शिजवून बाहेर काढावे. निवले की बोटांनी चुरीत चुरीत काटे वेचावे. एकदा नव्हे, तीनदा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, बोटांवर ठेवावा. घरात लेकरू किंवा म्हातारे माणूस असेल तर हे काम घाईत करू नये. मरळ असेल तर कच्चीच सोलून बोराएवढे तुकडे करावे.

गंजात दोन चमचे लोणी घालून दोन कांदे बारीक चिरून परतावे. कांदा मऊ व्हावा, लाल होऊ नये. त्यावर दोन चमचे मैदा किंवा चाळलेली कणीक घालून दोन मिनिटे हलवावे. मग ते गाळलेले पाणी थोडे थोडे ओतत ढवळीत राहावे, म्हणजे गाठी होत नाहीत. दोन आलूंच्या बारीक फोडी घालाव्या. आलू शिजले की चार-सहा फोडी पळीने गंजाच्या कडेलाच चेचाव्या. दाटपणा येतो तो याने. मरळीचे कच्चे तुकडे आता घालून चार-पाच मिनिटे ठेवावे.

मग आच अगदी मंद करावी आणि अगोदर तापविलेले दोन वाट्या दूध व अर्धी वाटी साय घालावी. दूध घातल्यावर खळखळ उकळू देऊ नये, आणि चिंच, टमाटर, आमसूल, लिंबू यांपैकी काहीही गंजात घालू नये. आंबटाने दूध फाटते. ज्याला लिंबू हवे त्याने आपल्या वाटीत दोन थेंब पिळावे. मासे धुताना लिंबू चोळले असेल तर तेही नीट धुऊन टाकावे. नारळाचे दूध वापरणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावे, तेही जोराच्या उकळीने फुटते. रोहूचा वेचलेला चुरा सर्वांत शेवटी घालावा, तो फक्त गरम व्हायचा असतो. मीठ, मिरपूड आणि वरून सांभार. बरोबर ज्वारीची ऊन भाकर.

ज्यांच्या लेकी-सुना मुंबईला किंवा परदेशात आहेत, त्यांनी हीच रीत रावसाला, सॅमनला सांगावी. सॅमन तेलकट असतो, म्हणून लोणी कमी घालावे आणि चार-पाच मिनिटांच्या वर शिजवू नये.

माळकरी भगिनींसाठी, आणि श्रावणात आपल्या सर्वांसाठी, मासोळीच्या जागी कोवळ्या मक्याचे दाणे घालावे. दाणे काढलेली कणसे पाण्यात उकळली की त्याचा गोड रस निघतो, तोच मासोळीच्या पाण्याच्या जागी घ्यावा. बाकी सगळे तेच. तिकडे अमेरिकेतही मक्याचे चाउडर करतात.

खर्च विचाराल तर लाल रश्श्याहून फारसा जास्त नाही. मसाला वाचतो, तेल वाचते. आजारातून उठलेल्याला, दात नसलेल्याला, तिखट न सोसणाऱ्याला याच्यासारखे दुसरे नाही. मात्र त्या माणसाला आत काय घातले आहे ते सांगून द्या. त्याने नको म्हटले तर नारळाचे करा, नारळ नको म्हटले तर नुसते आलूचे करा, पण सांगून करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे शेवटी थोड्याच गोष्टी आपल्या म्हणून राहतात. आपल्या तोंडात काय जावे ही त्यांतली एक.

माझ्या आत्याबाई आज इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. हे भाषण त्यांना विचारूनच केले आहे. "सांग," म्हणाल्या, "पन काटे मी काहाडतो, हेही सांगजो." तेही सांगितले.