खाडाखोड केली, सही घ्यायची राहिली

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला 'पंचवीस वर्षांच्या आठवणी' हा विषय दिला होता. पण बोअर, पाण्याची टाकी, कंपाउंडची भिंत आणि मेंटेनन्सची थकबाकी हे सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगून झालं आहे. थकबाकीदारांची नावं तर मी बँकेतला माणूस असूनही घेणार नाही! म्हणून मी आपल्या मुलांच्या चित्रांविषयी बोलतो. त्यात माझी एक चूक झाली होती, तीही कबूल करतो.

२०२४ च्या पावसाळ्यात राज्यातल्या शाळांमधून 'महावाचन उत्सव' झाला. तिसरी ते बारावीच्या मुलांनी आवडीचं पुस्तक वाचायचं, त्यावर दीडशे-दोनशे शब्द लिहायचे आणि ते संकेतस्थळावर टाकायचे. सोबत एका मिनिटाचा आवाज किंवा व्हिडिओही देता येत होता. आपल्या सोसायटीतली मुलं त्यासाठी रविवारी माझ्याकडे जमू लागली. रिटायर्ड माणूस, वेळ भरपूर, आणि घरात वाय-फाय. मुलं नेमकी कशासाठी येत होती हे मी विचारलं नाही.

माझी मुलगी पुण्याहून काही चित्रपुस्तकं घेऊन आली होती. माधुरी पुरंदरे यांचं 'चित्रवाचन' होतं. एरन बेकर या अमेरिकन चित्रकाराचं २०१३ सालचं 'जर्नी' होतं. या दुसऱ्या पुस्तकाच्या गोष्टीत एकही शब्द नाही. एक मुलगी लाल खडूने भिंतीवर दार काढते आणि त्या दारातून प्रवासाला निघते, एवढंच. मी म्हटलं, शब्दच नाहीत तर वाचायचं काय? पण मुलं अर्धा तास त्यावर तुटून पडली. मग ठरलं, प्रत्येकाने आपलं लाल दार काढायचं आणि त्यातून कुठे जायचं ते लिहायचं.

कोणाचं दार शेगावच्या पालखीत उघडलं, कोणाचं लोणारच्या सरोवरात. एकीने तर बुलढाण्याच्या बस स्टँडवर रेल्वे आणून उभी केली. जे आपल्या पिढीला जमलं नाही ते तिने पाच मिनिटांत केलं!

चौथीतल्या एका मुलाने वाघ काढला. तो वाघ आपल्या सगळ्यांना माहीत आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ च्या जूनमध्ये निघाला, तेलंगणात शिरला, परत महाराष्ट्रात आला आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत डिसेंबरमध्ये आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होता म्हणून हे कळलं. पाच महिन्यांत सुमारे तेराशे किलोमीटर. शास्त्रज्ञांच्या कागदावर त्याचं नाव टी१सी१, पेपरवाल्यांनी केलं 'वॉकर'. आपल्यापैकी अनेकजण तेव्हा बोथ्याच्या रस्त्याने खामगावला जाताना गाडीच्या काचा वर करून जात होते, मीही त्यात होतो.

मुलाने लिहिलं होतं, "वाघ चालून चालून आला. त्याला जंगल भेटलं. पण तिथं त्याच्याशी बोलायला कोणी नव्हतं. तो रोज दाराकडं बघतो."

चारच वाक्यं. मला वाटलं, हे काय, शेवट असा रडका कसा? आणि दीडशे शब्दही भरत नव्हते. मी पेन घेतलं. "या वाघाचा प्रवास आपल्याला जिद्द आणि चिकाटी शिकवतो," असं सुरू करून "प्रयत्नांती परमेश्वर" असा झकास शेवट केला. शुद्धलेखन चोख, शब्द बरोबर एकशे साठ. मूळ कागद, सवयीप्रमाणे, फाइलला लावला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. संकोचत म्हणाली, "काका, तो रेकॉर्डिंगला बसतच नाही. म्हणतो, आजोबांचं आहे तर आजोबांनीच बोलावं."

मी हसलो. रात्री हा किस्सा मुलीला फोनवर रंगवून सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, मेहकरहून परभणीला आपली बदली झाली तेव्हा मीही चौथीतच होते. तुम्ही सामानाची यादी केली होती. कपाट, गॅस, शिलाई मशीन, सगळं टिकमार्क करून उतरवून घेतलं. मी दोन महिने मधल्या सुट्टीत एकटीच डबा खात होते."

मला हे माहीत नव्हतं. आईला तिने सांगितलं असेल. मला सांगितलं नाही, कारण मी विचारलं नव्हतं.

मग लक्षात आलं. त्या मुलाचे वडीलही बदलीच्या नोकरीत. त्याची ही तिसरी शाळा. आणि त्याने वाघाबद्दल लिहिलेलं खोटंही नव्हतं. ज्ञानगंगेत त्या वाघाला जोडीदार नव्हती. इथे वाघीण आणावी की नाही, यावर तेव्हा जाणकारांत चर्चाही झाली होती. आम्ही मोठ्यांनी त्याचे किलोमीटर मोजले. त्या पोराने तो पोचल्यावर त्याचं काय झालं ते विचारलं.

आमच्या बँकेत एक साधा नियम होता. कागदावर खाडाखोड झाली तर तिथे ज्याचा कागद त्याची पूर्ण सही हवी. सही नसेल तर कागद परत. कितीतरी लोकांचे कागद मी असे काउंटरवरून परत केले. आणि इथे एका लहान मुलाचं म्हणणं खोडून टाकलं, सही काही घेतली नाही.

फाइलमधून मूळ कागद काढला, त्याच्या घरी गेलो, 'चुकलं बुवा' म्हटलं. तारीख संपलेली नव्हती. या वेळी लिहायचं काम आईकडे आणि मी फक्त प्रश्न विचारले. वाघ झोपतो कुठे? दाराकडे बघताना त्याला काय दिसतं? कोणी आलं तर तो पहिल्यांदा काय बोलेल? तो बोलत गेला आणि शब्द दीडशेच्या वर गेले. 'प्रयत्नांती परमेश्वर' त्यात नव्हता.

बक्षीस वगैरे काही मिळालं नाही. पण आईने तेच रेकॉर्डिंग आणि चित्र मोबाइलवरून त्याच्या आधीच्या गावातल्या मित्राला पाठवलं. चार दिवसांनी तिकडून चित्र आलं. तेच लाल दार, आणि दारातून दुसरा वाघ आत येतोय. पाठीवर दप्तर होतं.

मोबाइलमुळे मुलं बिघडली, हे भाषण मी याच हॉलमध्ये दोनदा केलेलं आहे. ते पूर्ण मागे घेत नाही. त्यात एवढी दुरुस्ती करतो, आणि त्याखाली सहीही करतो, की मुलाचं खरं म्हणणं त्याच्या माणसापर्यंत पोचवायलाही तोच मोबाइल उपयोगी पडला.

सभासदांना दोन विनंत्या करून थांबतो. हॉलमधल्या जुन्या कपाटात मुलांसाठी चित्रपुस्तकांचा एक कप्पा करावा. पहिली पुस्तकं माझ्याकडून. दुसरं, मुलांचं काही ऑनलाइन टाकायचं झालं तर त्यात मुलाचा चेहरा, फ्लॅट नंबर, शाळेचं नाव काही जाऊ देऊ नका. आणि मजकुराला हात लावण्याआधी लेखकाला विचारा, लेखक साडेतीन फूट उंच असला तरी.

तो मूळ कागद आता माझ्या फाइलला नाही. मी मागितला होता. त्याने झेरॉक्स दिली, ओरिजिनल स्वतःकडे ठेवलं. बँकेत घ्यायला हरकत नाही असा पोरगा आहे.